चाळीस मिनिटांपूर्वी

विट्यात, मायणी रस्त्याला, माझ्या शेडच्या वर
दहा बाय बाराची खोली.
भाड्यानं घेताना पोरगी म्हणाली,
"मावशी, वीज पाहिजे आणि कुणी फार विचारू नये."
खाली माझे सहा माग.
विचारलं तरी ऐकू कुणाला जातंय.

प्रणोती साळुंखे. वय सत्तावीस.
बाप तिकडं, डोंगरातल्या एका बाजारात,
गलाईचं दुकान.
आमच्या भागात घरटी एक माणूस असाच
लांब कुठंतरी मूस तापवत बसलेला असतो.
त्या गावाचं नाव ती घेत नाही.
"नाव घेतलं की लोक बाजू विचारतात."

चैत्रात तिकडं पेटलं.
पुलाच्या अलीकडचे, पलीकडचे.
इंटरनेट तोडलं. बाप फोनवर एवढंच म्हणाला,
"दोन्हीकडची चांदी माझ्याकडं वितळायला आलीय, बाळ.
टाकून कसा येऊ?"

तर हिनं एक नंबर काढला. साध्या फोनला चालणारा.
मिस्ड कॉल द्यायचा, उलट मेसेज येतो:
नळ किती वाजता, औषधाचं कुठलं दुकान उघडं,
पुलावर आज कुणाला सोडतायत,
रेशनची गाडी निघाली, का नुसतीच निघणार निघणार.
सांगणारे तिकडचेच. एक नर्स, एक पोस्टमन, भाजीवाल्या तिघी,
आणि बंद शाळेचा शिपाई, जो घंटा अजून रोज देतो.
तीन तोंडांनी एकच आल्याशिवाय ती काही पाठवत नाही,
आणि तिन्ही तोंडं पुलाच्या एकाच बाजूची चालत नाहीत.
बाप कसोटीवर सोनं घासतो,
पोरगी अफवा.

पुण्याहून एकजण आला होता.
बूट जिन्यात काढले, तेवढं त्याचं चांगलं.
म्हणाला, 'समाज' असा एक रकाना टाका,
पैसे देणाऱ्यांना बरं पडतं.
तिनं चहा दिला. रकाना दिला नाही.
मग कुणा साहेबाचा फोन, सांगणाऱ्यांची यादी पाठवा.
"साहेब, यादी ठेवलीच नाही."
खरंच ठेवली नव्हती.
तोंडपाठ होती.

श्रावणात एकदा मेसेज गेला:
पुलाचा रस्ता उघडा आहे.
नऊ वाजता गेला, आणि नऊला उघडाच होता.
दूधवाला निघाला पावणेदहाला.

जगला. पाय गेला.

तीन दिवस ती खाली उतरली नाही.
चौथ्या दिवशी मी सगळे माग बंद केले आणि वर गेले.
(दिवसाचं कापड बुडालं. जाऊ दे.)
बऱ्याच वेळानं म्हणाली,
"मावशी, धागा तुटला की तुझा माग थांबतो ना?"
नवा असला तर थांबतो, म्हटलं.
माझे दोन जुने आहेत, ते नाही थांबत.
विणत जातात भोकासकट,
आणि लांबून कापड चांगलंच दिसतं.

त्या रात्री तिनं सगळीकडून 'आहे' काढलं.
आता मेसेज जातो तो असा:
चाळीस मिनिटांपूर्वी रस्ता उघडा होता.
पुढचं आम्हाला माहीत नाही.
लोक चिडले. उघडा का बंद, सरळ सांगा की!
निम्मे सोडून गेले. मग पाऊण परत आले,
कसे ते हिशेबात बसत नाही, पण आले.
दूधवाल्याचाही मिस्ड कॉल येतो. रोज, पहाटे.
ती त्याला मेसेज पाठवते आणि
नंतर थोडा वेळ कशालाच हात लावत नाही.

रात्री अकराच्या सुमाराला बापाची एक रिंग.
उचलायची नाही, असं ठरलंय.
वाजली की ती वहीत लिहिते.
परवा भाडं घ्यायला गेले तर वही उघडी:
'अकरा दहा. बाबा होते.'

मी ओरडलेच. अगं, होते काय? आहेत म्हण!
पोरगी हसली.
माझ्यासाठी खुर्चीवरच्या वायरी उचलल्या,
पण खोडलं नाही.